तिसरी घंटा होण्यापूर्वी: नाटकाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी सुरक्षिततेचे मार्गदर्शन

हौशी नाटकात नव्याने आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिल्या दिवशी संहिता येतेच असे नाही. बहुतेक वेळा हातोडी येते, वायरचे भेंडोळे येते, नाहीतर शिडी धरायला सांगितले जाते. ते काम कसे करायचे हे मात्र कोणी बसवून शिकवत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे आणि तेथे शिकलेल्यांना रंगमंचाच्या यंत्रणेचा सराव असतो. पण परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडच्या बहुसंख्य संघांत नोकरी, दुकान, शेती किंवा कॉलेज सांभाळून आलेली मंडळी असतात आणि ती एकमेकांचे बघून शिकतात. कसब जसे बघून उचलले जाते, तशाच चुकाही उचलल्या जातात.

प्रकाशयोजना आणि रंगमंच व्यवस्थेचे काम मी या भागात २२ वर्षे करत आलो आहे. या काळात जवळून पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या आधी तो धोका कोणाच्या तरी नजरेस पडलेला होता. बहुधा पाहणारा संघातला सर्वांत नवा माणूस असे आणि आपण मोठ्यांना काय सांगणार, या संकोचाने तो गप्प राही. म्हणून तालमीच्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाकडून सर्वांसमोर एक नियम ठरवून घ्यावा: कोणीही, अगदी चहा आणणाऱ्या मुलानेही, मोठ्याने "थांबा" म्हटले की प्रत्येकाने हातातले काम जागच्या जागी थांबवायचे आणि कारण नंतर विचारायचे. कारण फुसके निघाले तरी त्या माणसाला कोणी हसायचे नाही. हा नियम पाळला गेला तरच पुढच्या पायऱ्यांचा उपयोग आहे.

पोहोचल्यावर आधी एक फेरी

सामान उतरवण्यापूर्वी रंगमंचाची आणि प्रेक्षागृहाची एक पूर्ण फेरी मारावी. तुम्ही संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात असा, नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात असा किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी गॅदरिंगसाठी उभारलेल्या मंडपात असा, पाहायच्या गोष्टी त्याच आहेत. मेन स्विच कुठे आहे आणि तेथवर अंधारात पोहोचता येईल का? बाहेर पडायची दारे किती, आणि त्यांपैकी कुलूप लावलेली कोणती? कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे हे विचारून थांबू नये. प्रयोग संपेपर्यंत ते कुलूप काढून ठेवायला सांगावे. अग्निशामक नळकांडे कुठे टांगले आहे आणि त्याच्यावरच्या दाब दाखवणाऱ्या तबकडीची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का, हेही तेव्हाच पाहावे. रंगमंचाच्या फळ्यांवरून एकदा चालून सैल फळी, वर आलेला खिळा आणि मंचाची पुढची कड हेरावी. मंच मैदानावर असेल तर मान वर करून वीजवाहिनी पाहावी, कारण लोखंडी पाइप किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना ती वरच्या तारेच्या जवळ जरी गेली तरी जीव जातो. तारेखाली मंच बांधलेला असेल तर मंचाची जागा बदलायला लावावी. ते शक्य नसेल तर महावितरणला कळवून तेवढ्या वेळापुरता पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काहीही उभे करू नये.

वीज

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण हौशी प्रयोगांत सर्वाधिक गाफीलपणा येथेच चालतो.

आधी हिशोब करावा. एक हजार वॉटचा एक हॅलोजन पार दिवा (रंगमंचावर वापरला जाणारा डब्यासारखा गोल दिवा) २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे लावता येतात. चौथा लावला की भार १७ अँपिअरच्या वर जातो. दिवे तरीही लागतात, आणि खरी अडचण तीच आहे, कारण दिवे लागले म्हणजे सगळे ठीक आहे असे सर्वांना वाटते, पण सॉकेटच्या आत तार हळूहळू तापत राहते. एलईडी पार पुष्कळ कमी वीज घेतात, त्यामुळे ज्या संघांकडे ते आले आहेत त्यांचा भार हलका झाला आहे. मात्र त्यांचेही अंग धातूचे असते आणि त्यांनाही अर्थिंग लागतेच.

अर्थिंग म्हणजे प्लगमधली जाड तिसरी पिन. मंडपवाल्यांकडे झगमगाटासाठी वापरली जाणारी दोन पदरी पातळ वायर नाटकाच्या दिव्यांना लावू नये, कारण तिच्यात अर्थिंगची तार नसते आणि तेवढा भारही तिला झेपत नाही. सॉकेटमध्ये उघड्या तारा खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करण्याची रीत अजून अनेक ठिकाणी दिसते. तसे दिसले की थेट "थांबा" म्हणावे. एक्स्टेंशनची रीळ वापरत असाल तर वायर पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेटोळे वितळू लागते. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आपल्या विजेच्या खोक्यात बसवून घेणे हा संघाच्या पैशाचा सर्वांत चांगला वापर आहे. पंख्याची किंवा स्पीकरची आवड नंतर भागवावी.

दिवे लावल्यावर अर्ध्या तासाने बोर्डाजवळ जाऊन प्लगच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावी. एका गॅदरिंगच्या रंगीत तालमीत मला मासळी तळल्यासारखा, जरासा आंबूस वास आला होता. स्वयंपाक शेजारीच चालू होता, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. बोर्ड पाहिला तेव्हा पांढरा प्लग पिवळट तपकिरी झाला होता आणि एका पिनेभोवतीचे प्लास्टिक मेणासारखे ओघळून सॉकेटला चिकटले होते. तापलेल्या प्लास्टिकला असा वास येतो, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो आहे. वास आला की प्लग ओढायचा नाही. आधी मेन स्विच बंद करायचा.

दिव्यांसमोर रंग आणण्यासाठी फक्त दिव्यांसाठी मिळणारा जिलेटीन पेपरच वापरावा. स्टेशनरीच्या दुकानातला चकचकीत रंगीत कागद हॅलोजनसमोर काही मिनिटांत पेटतो. दिवा आणि पडदा किंवा झालर यांच्यामध्ये किमान तीन फूट अंतर ठेवावे आणि प्रत्येक दिव्याला त्याच्या क्लॅम्पशिवाय लोखंडी साखळीचा दुसरा आधार बांधावा. कोणी विजेला चिकटले तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा, तो सापडला नाही तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. अवकाळी पावसाच्या दिवसांत मैदानावर पहिला थेंब पडताच मेन बंद करायचा; "पाच मिनिटांचा प्रवेश राहिलाय" हे कारण ऐकायचे नाही.

लाइट गेल्यावर लावायचा जनरेटर नेहमी इमारतीबाहेर, धूर लांब जाईल अशा दिशेने तोंड करून ठेवावा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. खोलीत किंवा बंद मंडपात तो माणसाला गुपचूप बेशुद्ध करतो. जनरेटर चालू असताना त्यात तेल ओतू नये.

शिडी आणि सेट

भिंतीला टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात बाहेर असावी. म्हणजे १२ फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून ३ फुटांवर हवेत. खाली धरणाऱ्याने मोबाइल पाहू नये, गप्पा मारू नयेत आणि वरचा उतरेपर्यंत जागा सोडू नये. वर चढणाऱ्याने पाना, पक्कड सुतळीने मनगटाला बांधावी. शिडीखालून कोणी जात असेल तर काम थांबवावे. खुर्चीवर स्टूल आणि स्टुलावर माणूस, हा प्रकार तर शिडी आणायला दहा मिनिटे लागतात म्हणूनच घडतो, आणि ती दहा मिनिटे नेहमी मिळू शकतात.

सेटच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. मी नवा असताना एका स्पर्धेला दोन लेव्हल (पायांवर उभे राहणारे लाकडी चौथरे) जोडून दीड फूट उंचीचा ओटा केला होता. जोडाखाली पाय यायला हवा होता, तो चार बोटे बाजूला होता. मी वाकून खिळे मारत होतो, मला ते स्पष्ट दिसले. पण सेट लावायला मोजकाच वेळ मिळालेला होता, ज्येष्ठ मंडळी धावपळीत होती, आणि मी वरून सतरंजी अंथरली. दुसऱ्या अंकात आमचे सर्वांत अनुभवी कलाकार रागाच्या भरात त्या ओट्यावर पाय आपटून चढले, प्लायवुड खचले आणि पडताना त्यांनी टेकलेला हात मनगटात मोडला. त्यांनी तो प्रवेश हात पोटाशी धरून पूर्ण केला. पडदा पडल्यावर सतरंजी बाजूला केली तेव्हा तो पाय तेथेच, चार बोटे बाजूला, उभा होता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. लेव्हल बसवली की बसवणाऱ्यानेच तिच्या मधोमध आणि प्रत्येक जोडावर उभे राहून दोनदा उडी मारायची, मगच वर सतरंजी घालायची. फ्लॅट (भिंत म्हणून उभी करायची चौकट) उभा केला की त्याला मागून टेका द्यायचा आणि टेक्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायची. पडद्याच्या वाऱ्यानेही फ्लॅट कलतो. दार उघडमिट करणारा फ्लॅट असेल तर दोन टेके. चाकांच्या लेव्हलला ब्रेक नसेल तर लाकडी पाचर लावायची. आपल्याकडे बरीच नाटके आणि लोककलेचे प्रयोग अनवाणी होतात, त्यामुळे प्रत्येक अंकाआधी मंच झाडून घेणे हे सुरक्षिततेचेच काम आहे. सेट लावणाऱ्यांनी मात्र चप्पल चालवून घेऊ नये. बंद बूट घालावेत. गंजका खिळा लागला तर जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

ब्लॅकआउट

उजेडातून अचानक अंधार झाला की डोळे लगेच सरावत नाहीत. त्या काही सेकंदांत कलाकार पूर्णपणे आंधळा असतो आणि तेवढ्यातच त्याला खुर्ची उचलून विंगेत, म्हणजे मंचाच्या बाजूच्या आडोशात, जायचे असते. म्हणून रंगीत तालमीत प्रत्येक ब्लॅकआउट आधी उजेडात, मग अर्ध्या उजेडात आणि शेवटी पूर्ण अंधारात करून पाहावा. पायऱ्यांच्या आणि लेव्हलच्या कडांना, मंचाच्या पुढच्या कडेला रेडियमची पट्टी चिकटवावी. विंगेत हलक्या निळ्या कागदाने झाकलेली बॅटरी घेऊन एक माणूस उभा करावा. त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असेल तर टकरी होत नाहीत. जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने पूर्ण लांबीभर चिकटवाव्यात, मध्ये मध्ये तुकडे लावून सोडू नयेत.

फाशी, तलवार, धूर

पंधरा ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास शाळांमध्ये भगतसिंगांच्या फाशीचा प्रसंग हमखास बसवला जातो. हा प्रसंग घरी करून पाहताना मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत, म्हणून हे वाक्य मी अगदी स्पष्ट लिहितो: कोणाच्याही गळ्यात, क्षणभरही, आवळली जाऊ शकेल अशी गाठ घालायची नाही. गळा आवळला की काही सेकंदांत शुद्ध हरपते, ओरडता येत नाही आणि बघणाऱ्याला तो अभिनय वाटतो. फास दिसायला हवा असेल तर तो कलाकाराच्या मागे टांगावा आणि त्याची दोरी कच्च्या दोऱ्याने अडकवावी, म्हणजे हात लागताच सुटेल. त्याहून चांगले म्हणजे घोषणा, ढोलाचा एक ठोका आणि अंधार. प्रेक्षक उरलेले स्वतः पाहतात. शिक्षकांनी मुलांना हेही बजावावे की हा प्रसंग घरी करून पाहायचा नाही, आणि पालकांना तसा निरोप द्यावा.

ऐतिहासिक नाटकातली तलवार लाकडी किंवा कानस मारून धार घालवलेली आणि टोक गोल केलेली असावी. वार समोरच्याच्या अंगावर न रोखता त्याच्या बाजूच्या हवेत रोखावा, वार करण्यापूर्वी दोघांची नजरानजर व्हावी, आणि प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी, कितीही प्रयोग झालेले असले तरी, ती झटापट एकदा सावकाश करून पाहावी.

धुरासाठी ड्राय आइस वापरला तर तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताला लावला की जखम होते. जाड हातमोजे घालावेत आणि गाडीच्या बंद डिकीतून आणू नये. त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो, तो जड असल्याने जमिनीलगत साचतो. नाटकात प्रेत म्हणून किंवा झोपलेले मूल म्हणून कोणी मंचावर पडून असेल तर नेमके त्याचेच नाक त्या थरात असते. अशा प्रवेशात ड्राय आइस नकोच.

आग

आपल्याकडे प्रत्येक प्रयोगाआधी नटराजपूजन होते. ते व्हायलाच हवे. पण समई आणि उदबत्ती विंगेतल्या पडद्यांजवळ तेवत राहते, सगळे तिसऱ्या घंटेच्या गडबडीत निघून जातात आणि फोडलेल्या नारळाचे पाणी फळ्यांच्या फटीतून खालच्या वायरींवर जाते. पूजा मोकळ्या जागेत करावी, समईखाली वाळू घातलेली परात ठेवावी, नारळ बाहेर फोडावा, आणि दिवा शांत करण्याची जबाबदारी एका माणसाला नावाने द्यावी.

हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वरून जळते थेंब पडतात. आपले गॅदरिंगचे मंडप याच कापडाचे असतात, म्हणून मंडपाला किमान दोन बाजूंना रुंद, मोकळ्या वाटा सोडायला लावाव्यात. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा लाकूड आणि पडदे किती वेगाने पेटतात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. कोरड्या पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरावे, पिन काढून फवारा ज्वालांच्या टोकावर नव्हे तर मुळाशी मारावा. एक नळकांडे संपेपर्यंत आग विझली नाही तर बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. प्रेक्षागृहातले दिवे लावून, मंचावरून शांत आवाजात, कोणत्या दाराने जायचे ते सांगणारा माणूस आधीच ठरलेला असावा.

माणसांची काळजी

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्याच दिवसांत नाट्यशिबिरे असतात. मखमली अंगरखा, जिरेटोप, चिकटवलेली दाढी आणि वर हॅलोजन यांत कलाकाराच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. विंगेत ओआरएस ठेवावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असून घाम येत नसेल, तर उष्माघात समजून पोशाख उतरवावा, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ बोलवावी. रंगभूषेसाठी रंगाच्या दुकानातली पूड चेहऱ्याला लावू नये.

तालमी रात्री उशिरा संपतात. मुली आणि लहान मुले घरी कशी पोहोचणार, हे तालमीच्या वेळापत्रकातच लिहिलेले असावे, आणि पोहोचल्याचा निरोप आल्याशिवाय व्यवस्थापकाने झोपू नये. कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी हवी. स्पर्शाचे प्रवेश दिग्दर्शकासमोर, दोघांच्या संमतीने, ठरल्याप्रमाणेच व्हावेत. प्रयोगात "ऐनवेळी सुचले" हे चालणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मानधन न घेता काम करणाऱ्यांनाही लागू आहे. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि तशी समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नव्या मुलींना ही माहिती संघानेच पहिल्या दिवशी द्यावी.

सेट उतरवताना आणि परतताना

टाळ्या झाल्या की सर्वांचे लक्ष निकालाकडे, जेवणाकडे किंवा फोटोंकडे जाते आणि सेट दमलेली चार मुले उतरवतात. लावताना जितकी माणसे होती तितकीच उतरवताना हवीत. दिवे बंद केल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे हॅलोजनला हात लावू नये. फळ्यांमधले खिळे तेथल्या तेथे उपटून डब्यात टाकावेत, "घरी गेल्यावर बघू" म्हणून उलटे टोक वर ठेवून टेम्पोत रचू नये.

मग परतीचा रस्ता. नांदेडहून लातूर, परभणीहून बीड, हे पल्ले रात्री ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि दिव्याविना चालणाऱ्या गाड्यांतून कापायचे असतात. सामानाच्या टेम्पोत वर कोणी बसू नये, दुपारपासून जागा असलेल्या कलाकाराने गाडी चालवू नये, आणि वाहनचालकाला प्रयोग पाहायला बसवण्याऐवजी त्या वेळात झोपायला जागा द्यावी. शक्य असेल तर मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. नेपथ्यातला एक फ्लॅट कमी झाला तरी चालेल. रात्री निघालाच आणि टेम्पो पहाटे तीन वाजता गावात पोहोचला, तर सामान तेव्हा उतरवू नये. ताडपत्री घट्ट बांधून सर्वांनी घरी जावे आणि झोप झाल्यावर, उजेडात, बंद बूट घालून ते उतरवावे.